पाण्याने राखलेला डोंगर

ज्या बेटाला पूर्वी साष्टी म्हणत त्याच्या मध्यभागी, उत्तर-दक्षिण पसरलेला जो वनाच्छादित डोंगर आज मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या कोंडीत उभा आहे, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या सरकारी नावाने आणि ‘नॅशनल पार्क’ या बोलीतल्या नावाने सर्वांना परिचित आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राच्या पश्चिमेला बोरिवलीपासून गोरेगावपर्यंतची उपनगरे, पूर्वेला ठाणे, मुलुंड व भांडुप, दक्षिणेला आरे व पवई आणि उत्तरेला वसईची खाडी आहे. म्हणजे तीन बाजूंना दाट वस्ती आणि चौथीला खारे पाणी अशी त्याची स्थिती आहे. अशा जागी जंगल टिकून राहणे ही गोष्ट इतकी असामान्य आहे, की तिचे कारण शोधल्याखेरीज या प्रदेशाचे वर्णन पुरे होत नाही. सर्वसाधारण समज असा, की शहर चहूकडे वाढत गेले आणि चढउताराची, खडकाळ जमीन तेवढी बांधकामातून सुटली. परंतु ज्या शहराने आपल्या आसपासच्या टेकड्या फोडून त्यांची खडी केली आणि उरलेल्या उतारांवर वस्त्या चढवल्या, त्याने केवळ चढ पाहून एवढा मोठा डोंगर सोडून दिला असता हे पटण्यासारखे नाही. त्याला वाचवले ते पाण्याने. दोन हजार वर्षांपूर्वी येथे राहायला आलेले बौद्ध भिक्षू आणि एकोणिसाव्या शतकात तहानलेल्या मुंबईसाठी तलावाची जागा शोधणारे अभियंते, या दोघांनीही या डोंगराकडे आधी पाण्याच्या दृष्टीने पाहिले, आणि पुढे जे काही येथे टिकले ते बव्हंशी त्या दृष्टीच्या आश्रयाने टिकले. म्हणून या वनातला प्रवास पाण्याच्या मागाने केलेला बरा.

प्रवाशाची पहिली गाठ दहिसर नदीशी पडते. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागूनच उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार आहे आणि तेथून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाणारा सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता बराच वेळ या नदीच्या सोबतीने चालतो. सोमवार हा सुट्टीचा वार सोडला तर प्रवेशद्वाराजवळच्या भागात पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची, शाळांच्या सहलींची आणि सफारीच्या गाड्यांची वर्दळ असते. नौकाविहाराचे तळे, गांधी टेकडी, ‘वनराणी’ या छोट्या आगगाडीचे रूळ ही सारी त्याच भागातली ठिकाणे आहेत. ती ओलांडून थोडे पुढे गेले, की रस्त्यावर दोन्हीकडून फांद्या येतात आणि नदी दिसू लागते. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी उद्यानाच्या आत मोठमोठ्या काळ्या शिळांमधून वाहते. पावसाळ्यात तिचा खळाळ रस्त्यापर्यंत ऐकू येतो, हिवाळ्यात तिचे पाणी तळ दिसेल इतके नितळ होते आणि उन्हाळ्यात ती डोहांपुरती उरते. हद्दीची भिंत ओलांडल्यावर मात्र हीच नदी वस्त्यांचे सांडपाणी, तबेल्यांचे शेण आणि कचरा पोटात घेत, काँक्रीटच्या भिंतींमध्ये आवळलेली, मनोरीच्या खाडीकडे जाते. तिच्या दक्षिणेला उगम पावणाऱ्या पोयसर नदीची कहाणीही वेगळी नाही. एकाच नदीचे हे दोन चेहरे अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात पाहता येतात, आणि जंगल नदीसाठी काय करते याचा इतका जवळचा पुरावा मुंबईकराला दुसरीकडे कोठे मिळणार नाही.

या जंगलाचा प्रकार मुख्यतः पानझडी आहे, म्हणजे येथील बहुतेक झाडे कोरड्या ऋतूत पाने गाळून बाष्पीभवन रोखतात आणि पावसाच्या आगेमागे नवी पालवी धारण करतात. साष्टीवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने डोंगराला साठ्यावर काढावे लागतात. उघड्या कातळावरून हे पाणी काही तासांत खाडीला मिळाले असते. ते जिरते याचे कारण झाडांखाली कुजणारा पाचोळा, त्याखालची मुळांनी विणलेली माती आणि खडकातील भेगा. साग, ऐन, कळंब, हेद, मोह, शिरीष, करंज ही येथली नेहमीची झाडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्णहीन डोंगरावर पळस, पांगारा, काटेसावर आणि कौशी ही लाल-केशरी फुलांची झाडे पाठोपाठ फुलतात, आणि त्यानंतर कुसुमाच्या झाडाला जी तांबडी पालवी येते ती दुरून फुलोऱ्यासारखीच भासते. पावसाळ्यातील हिरवाईची सर्वांनाच ओढ असते, परंतु या वनाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी फाल्गुनातील कोरडे, तांबूस, सावलीला महाग झालेले जंगल पाहिलेच पाहिजे, कारण हे वन पाण्यावाचून तग धरायला कसे शिकले आहे ते त्याच दिवसांत दिसते.

उतारांवरची माती धरून ठेवण्यात कारवी या झुडपाचा वाटा फार मोठा आहे. माणसाच्या उंचीहून वर जाणारे, खरखरीत रुंद पानांचे हे झुडूप मोठ्या झाडांच्या खाली एकमेकाला लागून दाट वाढते आणि सात-आठ वर्षांतून एकदाच, पण डोंगरभर एकाच वेळी, जांभळ्या फुलांनी भरते. या डोंगरावर असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षांत आला. बी धरल्यावर झुडूप मरते, वाळलेली बोंडे झाडावरच राहतात आणि पुढच्या हंगामात तडकून बी उधळतात. या वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली आणि कोकणा समाजांच्या जुन्या घरांत कारवीचाच कूड असे. कूड म्हणजे काठ्यांची भिंत: अंगठ्याएवढ्या जाडीच्या सरळ काठ्या जमिनीत शेजारी शेजारी उभ्या रोवायच्या, आडव्या कांबट्यांना वेलीने किंवा दोरीने घट्ट बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीचा गिलावा करायचा, अशी ती रीत आहे. जेथे गिलाव्याचा पोपडा निघालेला असतो तेथे बोटांनी चेपून बसवलेल्या मातीत काठ्यांच्या पेरांचे उंचवटे आणि आतून येणारा उजेडाचा बारीक कवडसा दिसतो. उन्हाळ्यात अशा घरात गारवा राहतो आणि पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा सारवून घेतली जाते. ज्या वनस्पतीने डोंगराची माती धरली तिनेच डोंगरातल्या माणसाच्या घराची भिंतही धरली, आणि या दोन्ही गोष्टी जाणणारे लोक अजून या वनात आहेत हे मोलाचे आहे.

कान्हेरीला पोहोचल्यावर डोंगराचे रूप पालटते. येथे माती संपून काळ्या ज्वालामुखीजन्य कातळाची उघडी, गोलसर पाठ सुरू होते आणि तिच्यावर वेगवेगळ्या पातळ्यांवर खोदलेल्या लेण्यांची काळी तोंडे दिसू लागतात. त्यांची रूढ गणना १०९ पर्यंत जाते, मात्र लहानसहान खोदकामे धरली तर संख्या त्याहून वाढते. सर्वात जुनी लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात आणि येथील वस्ती दहाव्या शतकापर्यंत चालू राहिली. एकाच जागी सुमारे हजार वर्षे नांदलेला एवढा मोठा विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, पश्चिम भारतात दुसरा दाखवता येणे कठीण आहे. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्याची येथे प्रथम थोडी निराशा होते, कारण बहुसंख्य लेणी लहान आणि साधी आहेत: समोर अंगण, दोन पायऱ्या, ओसरी, आत एक दालन, त्याला लागून निजण्याची खोली आणि तिच्यात दगडाचाच ओटा. अपवाद आहेत आणि ते भव्य आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी खोदलेले सभागृह, कार्ल्याच्या धर्तीवर आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात ते व्यापारी बंधूंच्या दानातून खोदले गेले आणि त्याच्या ओसरीच्या दोन टोकांना पुढच्या काळात सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. अकराव्या क्रमांकाच्या प्रशस्त दालनात जमिनीतून वर काढलेले दोन लांब, बुटके दगडी बाक आहेत, ज्यांच्या बाजूला ओळीने बसून भिक्षू पठण करीत असावेत. एकेचाळिसाव्या लेण्यात करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर अकरा मुखांसह कोरलेला आहे. हे सारे पाहण्यासारखे आहे, परंतु कान्हेरीचे खरे सामर्थ्य शिल्पात नसून पाण्याच्या व्यवस्थेत आहे, आणि ती पाहण्यासाठी मूर्तींपासून नजर काढून पायाखाली न्यावी लागते.

जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणाशेजारी कातळात खोदलेले एक टाके आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलेले आढळते. वरून पाहताना फक्त चौकोनी तोंड दिसते, कोठे हातभर तर कोठे जरा मोठे, आणि काहींच्या काठाशी झाकण बसावे अशी खाच कोरलेली असते. आत डोकावले, की ध्यानात येते ते असे, की टाके तोंडाच्या मानाने फार मोठे आहे आणि ते अंगणाच्या किंवा लेण्याच्या जमिनीखाली शिरलेले आहे. तोंड लहान ठेवल्याने ऊन आत पोहोचत नाही, पाणी उडून जात नाही आणि शेवाळही कमी धरते. तेथून नजर वर नेली तर लेण्याच्या माथ्यावरच्या कातळात चार बोटे रुंदीची पन्हळ कोरलेली दिसते, जी दर्शनी भागावर ओघळणारे पावसाचे पाणी अडवून बाजूला वळवते. म्हणजे लेण्यात गळती होऊ न देणे आणि टाके भरणे ही दोन कामे एकाच रेघेने साधली आहेत. पहिली पोढी भरली, की तिचे जादा पाणी उताराने पुढे जाते. अशा रीतीने अख्ख्या डोंगराची पाठ पाणी गोळा करणारे छप्पर झाली आहे. दोन टेकड्यांमधल्या ओढ्यावर जुन्या बंधाऱ्याच्या खुणाही आहेत. भर उन्हाळ्यात, जेव्हा खालची नदी आटलेली असते, तेव्हा यांतील कित्येक पोढ्यांत आजही पाणी आढळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांच्या कौशल्याला यापेक्षा वेगळ्या प्रशस्तीची गरज नाही.

हे काम कोणाच्या पैशाने झाले, तेही कातळावरच लिहून ठेवलेले आहे. ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील दानलेखांत लेणे देणाऱ्याचे नाव जसे येते तसेच पोढी देणाऱ्याचेही येते, आणि हे दाते सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांतील व बाजारपेठांतील आहेत. काही लेखांत अक्षयनीवीचा उल्लेख आहे; अक्षयनीवी म्हणजे अशी कायमची ठेव, की जिच्या मुद्दलाला हात न लावता केवळ उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रे व इतर खर्च चालावा. यावरून हा मठ जगापासून तुटलेला नव्हता, तर समुद्रमार्गे चाललेल्या व्यापाराच्या पैशावर उभा होता हे स्पष्ट होते. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या कारकिर्दीत, त्याचे मांडलिक शिलाहार कोकणावर राज्य करीत असताना, येथे नव्या देणग्या दिल्या गेल्याचे लेख आहेत. आणि नव्वदाव्या लेण्यात इसवी सन १००९ व १०२१ मध्ये येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरलेली आहेत. एका बौद्ध मठाच्या भिंतीवर पारशी प्रवाशांची नावे असणे हा साष्टीच्या मिश्र संस्कृतीचा फार जुना दाखला आहे. डेक्कन कॉलेजच्या विदुषी शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांवरचा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध केला, त्यात या लेखांची साद्यंत चर्चा आहे; डोंगराच्या कडेच्या ज्या लांब खोबणीत दिवंगत आचार्यांचे विटांचे स्तूप रांगेने उभारलेले होते, त्या निर्वाणवीथीतील स्मृतिलेख उलगडण्याचे श्रेयही त्यांचेच. कान्हेरीला जाणाऱ्या मराठी वाचकाने मूर्तींची छायाचित्रे पाहण्याआधी हे काम पाहावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

मठ ओस पडल्यावर साष्टीवर अनेक सत्ता आल्या आणि गेल्या. १५३४ साली पोर्तुगीज, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेने मराठे आणि १७७४ साली इंग्रज यांनी हे बेट घेतले, पण डोंगराच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो पुढच्या शतकातील पाण्याचा तुटवडा. मुंबई शहर तेव्हा विहिरी आणि तळी यांवर जगत होते. लोकसंख्या भराभर वाढत होती, समुद्राने वेढलेल्या बेटावर विहिरींचे पाणी मचूळ लागे आणि पाऊस लांबला की तळी आटत. हेन्री कॉनिबिअर या अभियंत्याने मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे याच डोंगराच्या दक्षिण पोटात, धरण बांधून नळाने पाणी शहरात न्यावे अशी योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू होऊन १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. ते पुरेना, तेव्हा त्याच्या उत्तरेला, अधिक उंचीवर, १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. पुढे १८९१ मध्ये पवईचा तलाव बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्यायोग्य न ठरल्याने तो या इतिहासात दुय्यमच राहिला. १८९२ मध्ये तानसाचे पाणी दूर अंतरावरून आणले गेले आणि तेव्हापासून मुंबई शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांवर अधिकाधिक विसंबत गेली.

या दोन तलावांनी वनाला जे संरक्षण दिले त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. तलावाला पाणी जेथून जेथून वाहत येते त्या सर्व भूभागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. तेथे झाडे तुटली तर पावसाबरोबर माती येऊन तलाव गाळाने भरतो, आणि तेथे वस्ती झाली तर तिची घाण पिण्याच्या पाण्यात उतरते. हा धोका राज्यकर्त्यांना कळत असल्यामुळे तलावांभोवतीची जमीन सार्वजनिक ताब्यात घेतली गेली, चराई, लाकूडतोड व वस्ती यांना आळा बसला आणि शहराच्या अगदी शेजारी एक मोठे क्षेत्र लोकांच्या वापरासाठी बंद झाले. स्वातंत्र्यानंतर या गाभ्याभोवती कृष्णगिरी या नावाने राष्ट्रीय उद्यान आकाराला आले, नंतर आसपासची वने जोडली जाऊन ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणून वाढले आणि पुढे त्याला आजचे नाव मिळाले. तुळशी आणि विहार आजही सर्वसामान्य प्रवाशाला खुले नाहीत. कान्हेरीच्या माथ्यावर चढून गेले, की झाडांच्या गर्दीत तुळशीचे निळे पाणी दिसते तेवढेच. मगरींचे वास्तव्य असलेले हे तलाव सहलींपासून दूर आहेत हे उत्तमच आहे.

आकड्यांत पाहिले तर या तलावांचे महत्त्व घटलेले भासते. तुळशीची साठवण क्षमता सुमारे ८०५ कोटी लिटर आणि विहारची सुमारे २,७७० कोटी लिटर आहे, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सातही जलाशयांच्या एकूण क्षमतेत या दोघांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणून ‘आता या तलावांवाचून अडते कोठे’ असा प्रश्न कोणी विचारू शकेल, आणि त्याचे उत्तर २६ जुलै २००५ या दिवसात आहे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विहार-पवईच्या सांडव्यांचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी नदी, जी भराव आणि बांधकामांनी आक्रसली होती, काठ सोडून कुर्ला, कलिना, वांद्रे या भागांत शिरली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहराच्या नद्या-नाल्यांचा जो अभ्यास केला त्यामुळे मिठी ही नदी आहे ही गोष्ट शहराला नव्याने मान्य करावी लागली. तलाव आणि त्यांच्यावरचे वन यांनी त्या दिवशी जेवढे पाणी अडवून धरले, तेवढेही अडले नसते तर खाली काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पाणी पुरवणे हे डोंगराचे एक काम झाले. पाणी रोखून हळूहळू सोडणे हे दुसरे, आणि ते कोणत्याही आकडेवारीत मोजले जात नाही.

विहारच्या पश्चिमेची आरेची भूमी याच पाणलोटाशी आणि याच वनाशी जोडलेली आहे. शहरातील तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये येथे दुग्धवसाहत स्थापन झाली, म्हशींसाठी गवताची कुरणे झाली आणि त्या निमित्ताने मोठा टापू बांधकामापासून मोकळा राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी येथील दोन हजारांहून अधिक झाडे रात्रीतून तोडण्यास सुरुवात झाली, तेव्हा विरोधासाठी रस्त्यावर आलेल्यांत शहरातील तरुणांबरोबर आरेच्या पाड्यांतील वारली कुटुंबेही होती. त्या झाडांवरून ‘हे जंगल की लागवड’ असा वाद बराच रंगला. ओढा, उतार आणि बिबट्याची ये-जा यांपैकी एकानेही जंगल आणि लागवड यांमधली हद्द कधी मानलेली नाही, त्यामुळे तो वाद मूळ मुद्द्याला बगल देणारा होता असे म्हणणे भाग आहे.

बिबट्याचा उल्लेख आल्यावर पाड्यांचा विचार टाळता येत नाही, कारण या प्राण्याबरोबर राहण्याचा सर्वात जुना अनुभव पाड्यांच्या गाठीशी आहे. उद्यानात आणि आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांच्या लहान वस्त्या आहेत. नवापाडा, चुनापाडा, रावळपाडा ही त्यांतली काही नावे. वाघोबा हे त्यांचे राखणदार दैवत. झाडाखाली शेंदूर लावलेली लाकडाची किंवा दगडाची फळी, तिच्यावर कोरलेला वाघ व चंद्र-सूर्य, पुढ्यात नारळ, अशी त्याची स्थाने वनात ठिकठिकाणी आढळतात, आणि दिवाळीच्या आरंभी येणाऱ्या वाघबारशीला त्याची पूजा होते. या पूजेत प्राण्याचा नायनाट मागितला जात नाही. गुराढोरांना आणि मुलाबाळांना सांभाळ, अशी विनवणी असते. उलट शहराने बिबट्याला बराच काळ घुसखोर मानले. २००२ ते २००४ या काळात माणसांवरचे हल्ले वाढले, जून २००४ मध्ये तर पाठोपाठ मृत्यू झाले, आणि सापळे लावून बिबटे पकडण्याचा धडाका सुरू झाला. पकडलेला बिबट्या परक्या जंगलात नेऊन सोडला तर संघर्ष मिटण्याऐवजी वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातील अभ्यासातून पुढे आले. २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमाद्वारे वनखात्याने अभ्यासक व नागरिकांना बरोबर घेऊन काम सुरू केले: कचरा उघड्यावर टाकू नये म्हणजे भटकी कुत्री आणि डुकरे जमणार नाहीत व त्यांच्या मागाने बिबट्या येणार नाही, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला घेरू नये. २०१५ मध्ये आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावून आणि प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची वेगळी ठेवण ताडून केलेल्या गणनेत उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. एवढ्याशा क्षेत्रात ही संख्या मोठी आहे. त्या मानाने आज माणसांवरचे हल्ले कमी आहेत याचे श्रेय वनखात्याला आहे, अभ्यासकांना आहे, पण ज्यांनी त्याला आधीपासूनच शेजारी मानले त्या पाड्यांनाही ते तेवढेच दिले पाहिजे.

पाड्यांच्या वाट्याला मात्र न्याय फार कमी आला. ज्या डोंगरातून मुंबईला पहिला नळ गेला, त्याच डोंगरातील कित्येक पाडे स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके नळाशिवाय आणि विजेशिवाय राहिले. बाहेरून येऊन उद्यानाच्या जमिनीवर वसलेल्या झोपडवस्त्यांचा प्रश्न वेगळा होता. १९९५ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांना चांदिवलीसारख्या ठिकाणी हलवण्याची लांबलेली प्रक्रिया सुरू झाली. वन वाचवण्यासाठी तो आदेश आवश्यक होता यात शंका नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणाऱ्या आदिवासींना आणि अलीकडे आलेल्यांना एकाच शब्दात ‘अतिक्रमणकारी’ म्हणण्याची जी सवय कागदोपत्री पडली, तिने वनाचे ज्ञान असलेल्या माणसांनाच वनातून परके केले, आणि हे नुकसान भरून काढणे अजून बाकी आहे.

ठाण्याच्या बाजूने येणाऱ्याला हाच डोंगर येऊरच्या वाटेने भेटतो. हा उतार पश्चिमेपेक्षा अधिक दाट आणि पक्ष्यांनी अधिक भरलेला आहे, पण बंगले आणि उपाहारगृहे यांच्या रात्रीच्या गोंगाटाने तो बेजारही झाला आहे. उत्तरेकडे चेना नदीचे खोरे ओलांडले, की घोडबंदर रस्ता वनाला आडवा कापतो आणि त्यापलीकडे नागला हा तुकडा वसईच्या खाडीपर्यंत जातो. तेथे पानझडी जंगल संपते आणि तिवरांचे, म्हणजे भरती-ओहोटीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीचे वन सुरू होते. खाडीपलीकडच्या तुंगारेश्वर अभयारण्याशी या डोंगराचे नाते याच अरुंद तुकड्यावर अवलंबून आहे. रस्त्यावर रात्रंदिवस धावणाऱ्या अवजड वाहनांमधून प्राण्यांना सुरक्षित ओलांडता येईल असा मार्ग येथे झाला नाही, तर साष्टीतील बिबटे आपल्याच कुळात कोंडले जातील.

आता ठाणे आणि बोरिवली यांना जोडणारा रस्ता डोंगराच्या पोटातून नेला जात आहे; त्याच्या सुमारे १२ किलोमीटर लांबीपैकी १० किलोमीटरहून अधिक भाग जोडबोगद्यांचा आहे, आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठीही उद्यानाखालून बोगदे व्हायचे आहेत. वरचे झाड न तोडता वाहतूक पलीकडे जाईल ही त्यातील जमेची बाजू खरी आहे. पण या खडकात पाणी भेगांतूनच मुरते, भेगांतूनच वाहते आणि भेगांतूनच झऱ्यांना मिळते; म्हणून बोगदे होण्याआधी, होत असताना आणि झाल्यानंतर या डोंगराच्या भूजलाची पातळी वर्षातल्या प्रत्येक ऋतूत मोजली गेली पाहिजे आणि ते आकडे लोकांसमोर ठेवले गेले पाहिजेत. मोजणीसाठी नवी जागा शोधावी लागणार नाही: कान्हेरीच्या पोढ्या, दहिसर नदीचे उन्हाळी डोह आणि पाड्यांतल्या विहिरी यांपासून ती सुरू करता येईल, आणि पाड्यांतली जी माणसे या विहिरींचे पाणी रोज भरतात त्यांनाच ती नोंद ठेवण्याचे काम व त्याचा मोबदला द्यावा.